घरात एकाच माणसाला दहा गोळ्या चालू असतील तर रक्त आणि लिव्हरवर लक्ष कसं ठेवायचं

एका माणसाला चार डॉक्टर असले की गोळ्या दहा होतातच, त्यात कुणाची चूक असते असं नाही. हार्टवाले हार्टचं देतात, शुगरवाले शुगरचं, गुडघ्यासाठी ऑर्थोकडे गेलं की पेनकिलर आणि सोबत ॲसिडिटीची, मध्येच झोप लागत नाही म्हणून आणखी एक अर्धी. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. पण सगळ्या गोळ्या जातात एकाच पोटात आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच लिव्हरमधून, आणि पूर्ण यादी मात्र कुणाकडेच नसते, ना डॉक्टरांकडे ना मेडिकलवाल्याकडे. ती आपणच करायची. बाबा आणि आत्या दोघांच्या गोळ्या मी बरीच वर्षं बघतेय, मी डॉक्टर नाहीये, पण कधी काय विचारायचं हे आता कळतं, म्हणून लिहितेय.

आणि एक आधीच सांगते, हे वाचून चालू असलेली कुठलीही गोळी मनाने बंद करायची नाही. रक्त पातळ करायची, फिटची, स्टेरॉइडची गोळी एकदम सोडली तर स्ट्रोक, फिट, बीपी एकदम खाली जाणं, काहीही होऊ शकतं. शंका आली तर त्याच दिवशी फोन करायचा, इतकंच.

सुरुवात पिशवी ओतण्यापासून

घरातली सगळी औषधं टेबलावर ओता. सगळी म्हणजे फक्त डॉक्टरांची नाही, तर फ्रिजवरच्या डब्यातली डोकेदुखीची, सर्दीची, आयुर्वेदिक चूर्ण, काढा, होमिओपॅथीच्या बाटल्या, मुलाने परदेशातून आणलेल्या हळदीच्या कॅप्सूल, आणि शेजारच्या काकूंनी "आमच्या यांना फार गुण आला" म्हणून दिलेली पट्टी सुद्धा. मग प्रत्येक स्ट्रिप उलटी करून वाचायची. मोठ्या अक्षरात असतं ते ब्रँडचं नाव, ते आपल्या कामाचं नाही. खाली बारीक अक्षरात जे असतं ते सॉल्ट, म्हणजे खरं औषध, ते लिहून घ्यायचं.

इथे एक फार वैतागवाणी गोष्ट आहे. मेडिकलवाला दहातल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि नेमकं नाव छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो, आपल्या हातात येतात चार चंदेरी फुगे आणि त्यावर अर्धा बॅच नंबर. अशी गोळी घरात नकोच. नाव असलेला तुकडा मागा किंवा पूर्ण स्ट्रिप घ्या, आणि बिल घ्याच, कारण बिलावर नाव आणि तारीख दोन्ही येतं.

वहीत प्रत्येक गोळीपुढे सॉल्ट, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, कुणी दिली, कशासाठी आणि कधीपासून, एवढं लिहायचं. लोक "कधीपासून" गाळतात आणि डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.

यादी झाली की पहिला फायदा लगेच दिसतो, एकच औषध दोन नावांनी चाललेलं सापडतं. ठरलेलं उदाहरण म्हणजे ॲस्पिरिन. घरी आधीपासून इकोस्प्रिन एव्ही चालू असते, त्यात ॲस्पिरिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन. मग ॲंजिओप्लास्टी होते, डिस्चार्जच्या कागदावर क्लोपिलेट ए येते, त्यात क्लोपिडोग्रेल आणि पुन्हा ॲस्पिरिन. नावं वेगळी म्हणून घरचे दोन्ही देत राहतात. नावापुढे ए, एव्ही, पी, प्लस, गोल्ड असं काही शेपूट दिसलं की समजायचं आत एकापेक्षा जास्त औषधं आहेत.

पॅरासिटामॉलची बेरीज

ही बेरीज प्रत्येक घरात एकदा तरी करून बघा. व्हायरल तापात डोलो ६५० चार वेळा घेतली, झाले २६०० मिलिग्रॅम. अंग दुखतंय म्हणून झिरोडॉल पी दोनदा, त्यात ३२५ ची दोन, म्हणजे ६५०. नाक वाहतंय म्हणून सर्दीची गोळी तीनदा, तिच्यात ५०० असेल तर आणखी १५००. एकूण ४७५०. धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांतली वरची मर्यादा ४००० धरतात, आणि माणूस वयस्कर, बारीक, रोज पिणारा किंवा आधीच लिव्हरचा त्रास असलेला असेल तर डॉक्टर ती बरीच खाली आणतात, पुष्कळदा २००० वर. म्हणजे यात कुणी मुद्दाम जास्त घेतलं नाही, तीन दुकानांतून तीन साध्या गोळ्या आल्या एवढंच.

होतं काय की पॅरासिटामॉलचा थोडासा भाग लिव्हरमध्ये एका विषारी पदार्थात बदलतो आणि लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला गप्प करतं. डोस वाढला, किंवा माणूस आजारपणात चार दिवस धड जेवलेलाच नाही, किंवा दारू रोजची आहे, की हा साठा कमी पडतो. आणि खरी फसवणूक अशी की जास्त डोस गेल्यावर पहिल्या दिवशी माणूस जवळजवळ ठीक दिसतो, थोडी मळमळ, बस. डोळे पिवळे व्हायला दोन तीन दिवस लागतात. यावर एन ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला चालतो, म्हणून बेरीज फार वर गेली असं लक्षात आलं तर त्रास व्हायची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

नवी गोळी आली किंवा जुनी गेली की पुढचे दोन तीन आठवडे

माझं स्पष्ट मत आहे की वर्षानुवर्षं चालू असलेल्या दहा गोळ्यांपेक्षा काल आलेली अकरावी जास्त बघावी लागते. दहांचा एकमेकींशी मेळ बसलेला असतो, डोस त्याप्रमाणे ठरलेले असतात, रिपोर्ट बघितलेले असतात. अकरावी येते ती पाच दिवसांसाठी, वेगळ्या डॉक्टरकडून, आणि कुणी विचारत नाही की बाकी काय चालू आहे.

लिव्हरमधली एन्झाइम्स टोलनाक्याच्या लेनसारखी समजा. काही औषधं लेन बंद करतात, मग मागची औषधं रक्तात साचत जातात. काही औषधं जास्तीच्या लेन उघडतात, मग बाकीची औषधं सुसाट निघून जातात आणि काम करतच नाहीत. लेन बंद व्हायला एखाददोन दिवस पुरतात, जास्तीच्या उघडायला मात्र आठवडा दोन आठवडे लागतात, आणि त्या उघडलेल्या परत बंद व्हायलाही तेवढेच. कुठे किती दिवस लक्ष ठेवायचं ते यावरून ठरतं.

लेन बंद करणाऱ्यांत क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक, आणि गजकर्णासाठी हल्ली सर्रास देतात ते इट्राकोनॅझोल. घरात कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन चालू असेल आणि स्किनवाल्यांनी महिनाभराचं इट्राकोनॅझोल दिलं तर स्टॅटिन साचू शकतं. मांड्या, दंड असे दुखायला लागतात की जिना चढवत नाही, आणि लघवी चहासारखी तपकिरी झाली तर स्नायू तुटून किडनीवर लोड आलाय, ती त्याच दिवशी धावायची वेळ. बरेचदा डॉक्टर तेवढ्या काळापुरती स्टॅटिन थांबवतात किंवा बदलतात, पण त्यांना स्टॅटिन चालू आहे हे सांगायला तर हवं ना. त्यात इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला पोटात ॲसिड लागतं, सोबत पॅन्टोप्राझोल चालू असेल तर ती नीट शोषलीच जात नाही, म्हणजे गजकर्ण काही जात नाही आणि माणूस महिनोन्महिने गोळ्या खात बसतो.

लेन उघडणाऱ्यांचा राजा म्हणजे टीबीचं रिफॅम्पिसिन. ते सुरू झालं की दोनेक आठवड्यांत रक्त पातळ करायची गोळी, शुगरच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, सगळ्यांचा जोर उतरतो. मग डॉक्टर ॲसिट्रॉमचा, म्हणजे त्या रक्त पातळ करायच्या गोळीचा, डोस वाढवत नेतात. इथपर्यंत बहुतेक ठिकाणी नीट होतं. पण सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपतो, घरात पेढे वाटले जातात, आणि ॲसिट्रॉमचा वाढवलेला डोस तसाच चालू राहतो. लेन हळूहळू बंद होतात, गोळी साचते, आणि कोर्स संपून दोन तीन आठवडे झाल्यावर हिरड्यांतून रक्त. म्हणून गोळी बंद झाली तरी वहीत तारीख टाका आणि बाकीच्या डॉक्टरांना कळवा.

रक्तस्राव: कुठल्या जोड्या

ॲसिट्रॉम किंवा वॉरफॅरिन चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये ठेवतात, मेटलचा व्हॉल्व्ह असेल तर बरेचदा थोडा वर. मेट्रोनिडॅझोल, सेप्ट्रान, फ्लुकोनॅझोल यातलं काही मध्ये आलं की तो झपाट्याने चढतो. जुलाब लागले म्हणून दुकानातून आणलेली साधी गोळी, तिच्यात मेट्रोनिडॅझोल असतंच पुष्कळदा. अशा वेळी कोर्स संपायची वाट बघायची नाही, सुरू झाल्यापासून तीन ते पाच दिवसांत आयएनआर करून घेऊ का असं फोन करून विचारायचं. पालेभाज्या बंद करा असं कुणी सांगतं ते पूर्ण खरं नाही, रोज साधारण तेवढ्याच खायच्या असतात. श्रावणात अळूवड्या, पालक, रानभाज्या एकदम वाढल्या की व्हिटॅमिन के वाढतं आणि आयएनआर खाली येतो, नंतर भाज्या बंद झाल्या की परत वर.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही असताना गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक घेणं ही घरोघरची जोडी आहे. पोटाच्या आतल्या आवरणाला जखम होते आणि रक्त गोठत नाही, त्यात एस्सिटालोप्रामसारखी डिप्रेशनची गोळी असेल तर रक्तस्रावाची शक्यता आणखी वाढते, कारण प्लेटलेटला चिकटायला सेरोटोनिन लागतं आणि ती गोळी तेच प्लेटलेटमध्ये शिरू देत नाही. शी डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली तर ते पोटातलं रक्त. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण ती चिकट डांबरासारखी नसते, आणि तरी शंका असेल तर विचाराच. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल असेल तर क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो, म्हणून हार्टवाले पॅन्टोप्राझोल देणं पसंत करतात, मेडिकलवाल्याने "सेमच आहे" म्हणून बदलून दिली तर घेऊ नका.

पावसाळ्यात ताप आला की वेगळा नियम. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम वगैरे नाही, कारण त्यात आयबुप्रोफेन आहे आणि डेंग्यूत प्लेटलेट आधीच पडत असतात. इकोस्प्रिन चालू असलेल्याला डेंग्यू निघाला तर ती चालू ठेवायची की नाही हे हार्टच्या डॉक्टरांनाच विचारायचं, स्टेंट नवा असेल तर तो निर्णय अवघड असतो.

सीबीसीचा कागद कसा बघायचा

लॅब वरचा खालचा आकडा ठळक करून देते आणि आपण तेवढंच बघतो. त्यापेक्षा मागचे तीन रिपोर्ट शेजारी ठेवा. हिमोग्लोबिन १३ वरून ११.५ वर आलंय, मग १०.४, तर रक्त कुठेतरी जातंय किंवा बनत नाहीये. पांढऱ्या पेशी साधारण ४००० ते ११०००, प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. या तिन्ही एकत्र खाली जायला लागल्या तर बोनमॅरोवर, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या मगजावर, परिणाम होतोय का हे विचारायचं.

यात दोन जोड्या पाठ असू द्या. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही, आणि ती रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. डब्यावर वार लिहून ठेवा, "मंगळवार" असं मोठ्ठं. त्यावर लघवीच्या इन्फेक्शनसाठी सेप्ट्रान आली तर दोघी मिळून फॉलिक ॲसिडचं काम बंद पाडतात आणि पेशी कोसळतात, तोंड आतून सोलल्यासारखं होतं, ताप येतो. दुसरी जोडी ॲझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, आणि गाउटसाठी दिलेली ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट. गाउटची गोळी युरिक ॲसिड बनवणारं जे एन्झाइम बंद करते, तेच ॲझाथायोप्रिनही मोडत असतं, ते बंद झालं की औषध साचून मॅरो दबतो. युरिक ॲसिड वाढलं म्हणून फॅमिली डॉक्टर ही सहज लिहून देतात, त्यांना ॲझाथायोप्रिनचं माहीतच नसतं. थायरॉइड वाढल्यावर देतात ती कार्बिमाझोल तर पांढऱ्या पेशी पाडायला एकटीच पुरेशी आहे, ती चालू असताना घसा दुखून ताप आला तर आधी सीबीसी, मग बाकीचं.

एक सौम्य पण फार कॉमन. मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल दोन्ही वर्षानुवर्षं, त्यात घर शाकाहारी, की बी १२ उतरतं. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, १०० च्या वर जायला लागतो, पायाला मुंग्या येतात, आणि सगळे म्हणतात शुगरमुळेच असेल. वर्षातून एकदा बी १२ करून घ्या, आणि पॅन्टोप्राझोल अजून लागते का हेही एकदा विचारा, कित्येकांना ती दोन आठवड्यांसाठी दिलेली असते आणि पाच वर्षं चालू असते.

लिव्हरचा रिपोर्ट

एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ४० च्या जागी ५५ आला म्हणून घाबरायचं नाही. स्टॅटिन सुरू केल्यावर थोडं वाढतं, फॅटी लिव्हर असेल तर तसंही वाढलेलं असतं. लक्ष द्यायचं ते तिप्पट ओलांडल्यावर, आणि बिलिरुबिनही दुपटीच्या वर गेलं असेल तर ते गंभीर समजतात. टीबीच्या औषधांत साधारण नियम असा की एसजीपीटी तिप्पट आणि सोबत उलट्या, भूक नाही, कावीळ अशी लक्षणं, किंवा लक्षणं नसली तरी पाचपट, तर औषधं थांबवून लिव्हर शांत होऊ देतात आणि मग एकेक करून परत सुरू करतात. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरला जड आहेत, आणि सोबत दारू किंवा दुसऱ्या लिव्हरवाल्या गोळ्या असतील तर जास्तच. हे थांबवणं डॉक्टरांचं काम, पण वांत्या सुरू झाल्या की लगेच सेंटरवर जाणं आपलं. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, ती कावीळ नाही. डोळ्यांचा पांढरा भाग दिवसा खिडकीशी उभं करून बघा, तिथे पिवळेपणा असेल तर कावीळ.

आणि मग आपल्याकडे काय होतं, गावाकडून फोन येतो की अमुक ठिकाणी काविळीची माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळं पाणी निघतं. माळ घाला हवं तर, माळेने लिव्हर बिघडत नाही. पण झाडपाल्याचं पोटात घेऊ नका, आणि ज्या गोळीने कावीळ झालीये ती तोवर चालूच राहते हा खरा घात. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं लिव्हरला कळत नाही. कोविडच्या काळात सगळे गुळवेलीचा काढा पीत होते, तेव्हा २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना झालेल्या लिव्हरच्या इजेबद्दल लिहिलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वनस्पती दुसरीच असेल असं म्हटलं. वाद काही असो, वहीत काढ्याचं नाव लिहा आणि डॉक्टर रागावले तरी सांगा.

तपासण्या कधी, हे ज्या त्या डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या. ढोबळ अंदाज असा की मेथोट्रेक्सेटला सुरुवातीचे काही महिने दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी आणि लिव्हर, नंतर दोन तीन महिन्यांनी. ॲसिट्रॉम स्थिर झाल्यावर महिन्याने. फिटच्या व्हॅल्प्रोएटला आधी आणि पहिल्या सहा महिन्यांत लिव्हर आणि प्लेटलेट दोन्ही. टीबीचं सुरू व्हायच्या आधी एक लिव्हर टेस्ट हवीच, नाहीतर नंतरचा आकडा कशाशी ताडून बघणार.

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळतो त्या दिवशी घाई करू नका. रिक्षा थांबली असली तरी नवा कागद आणि जुनी वही शेजारी ठेवून सिस्टरना किंवा ज्युनियर डॉक्टरांना प्रत्येक जुन्या गोळीपुढे "चालू" की "बंद" लिहायला सांगा, आणि बंद झालेल्या स्ट्रिपा घरी गेल्या गेल्या डब्यातून काढा. औषधाने त्रास झालाच तर त्याची नोंद आपल्यालाही करता येते, १८००-१८०-३०२४ हा सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे, फोन करताना गोळीचं नाव, बॅच नंबर आणि सुरू केल्याची तारीख हाताशी ठेवा, म्हणून ती स्ट्रिप काढली तरी लगेच फेकू नका.